कोंब तोडावा, की मूळ खणावे?

गेल्या ज्येष्ठात आमच्या सूनबाईंनी बाजारातून हिरव्या कोंबांची एक जुडी आणली. वीतभर लांबीचे, करंगळीएवढ्या जाडीचे, टोकाशी कळीसारखे मिटलेले ते कोंब रबरी पट्टीने एकत्र बांधलेले होते. पाव किलोच्या जुडीला दोनशे रुपये मोजल्याचे कळताच आम्ही स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरच थबकलो. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र किमतीकडे लक्ष न देता जुडी उलटसुलट करून पाहिली, एक कोंब नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्या शतावरीचे भावंड दिसते." सूनबाईंनी मान डोलावली. जुडीवरच्या चिठ्ठीवर ॲस्परॅगस असे नाव होते, दिल्लीच्या कोणा शीतगृहाचा पत्ता होता. ती कोणत्या शेतात उगवली याचा मात्र उल्लेख नव्हता.

नाते सौभाग्यवतींनी बरोबर ओळखले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन्ही वनस्पतींना एकाच प्रजातीत घालतात. विलायती भाजी ती ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस आणि आपल्या सह्याद्री-सातपुड्याच्या रानांत काटेरी वेल होऊन झुडपांवर चढते ती ॲस्परॅगस रॅसिमोसस. दोघींची जगण्याची रीत सारखी आहे. वर दिसते ती सुईसारखी नाजूक हिरवळ पानांची नसून बारीक फांद्यांची असते आणि खरा संसार मातीखाली चालतो. उन्हाळ्यात वेल वाळून गेली तरी जमिनीखालचा गड्डा जिवंत राहतो. पाऊस पडला, किंवा थंड देशांत वसंत आला, की मुळ्यांत साठवलेल्या शिदोरीवर तो नवे कोंब वर पाठवतो. त्यांतले काही तोडले तरी वेल मरत नाही. पण उरलेल्यांना वाढू द्यावे लागते, कारण तीच हिरवळ पुढच्या वर्षाची शिदोरी मुळ्यांत भरते. विलायती भाजी लावणारा शेतकरी पहिली दोन वर्षे एकही कोंब तोडत नाही. तिसऱ्या वर्षापासून बेताने तोडतो, आणि मग तोच मळा पंधरा-वीस वर्षे पीक देतो.

आमच्या शतावरीत आणि त्या विलायती बहिणीत मोठा भेद आहे तो आपण तिच्याकडून काय घेतो याचा. तिचा आपण कोंब घेतो आणि हिची मुळी. शतावरीचे नाव तिच्या शेकडो मुळ्यांवरून पडले असे सांगतात. झाडाखाली खणले तर दोन्ही टोकांना निमुळत्या, पांढुरक्या मुळ्यांचा झुपकाच्या झुपका हाती येतो. त्या उकडतात, सोलतात, आतला दोरा ओढून काढतात आणि वाळवतात. बाळंतिणीला दूध यावे म्हणून त्यांचा कल्प द्यायचा ही आपल्या घरांतली जुनी चाल. आजच्या डॉक्टरीणबाई याविषयीचा पुरावा तोकडा आहे असे सांगतात आणि त्यांच्याशी वाद घालण्याची आमची पात्रता नाही. परंतु मराठी घरातली बाळंतीण आणि शतावरी यांची ताटातूट अजून तरी झालेली नाही.

शतावरीचेही कोंब खाल्ले जातात हे आमच्या पिढीतले शहरी लोक विसरले. पहिल्या पावसानंतर कोवळे, जांभळट कोंब वर येतात. काटे कठीण होण्यापूर्वी ते खुडायचे, बारीक चिरून एक वाफ द्यायची आणि पाणी टाकून लसूण, मिरची व भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतायचे. चव किंचित कडवट असते, पण ती जिभेवर रेंगाळते. त्या दिवशी सौभाग्यवतींनी विलायती जुडीचीही तीच गत केली. सूनबाईंनी प्रत्येक कोंब दोन्ही हातांनी वाकवला; जिथे तो आपसूक मोडला तिथून खालचा जून भाग टाकून दिला. भाजी झाकणाखाली चार मिनिटेही ठेवावी लागली नाही. चिरंजीवांनी दोनदा मागून घेतली. आम्हीही खाल्ली, पण जेवता जेवता मन सदतीस वर्षे मागे गेले आणि त्या मागे जाण्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

महाभारतात विदुर धृतराष्ट्राला राजाने प्रजेकडून कर कसा घ्यावा ते सांगतो. त्यात बागेतल्या माळ्याचा दाखला आहे. माळी फुले खुडतो, मुळावर घाव घालत नाही. कोळसा पाडणारा मात्र झाड मुळासकट घेतो. सरकारी चाकरीत प्रवेश केला तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांनी हा दाखला आम्हांस ऐकवला होता आणि आम्हांस तो फार आवडला होता. कोंब खुडणारा तो माळी, मूळ खणणारा तो कोळसेवाला, अशी सरळ वाटणी आम्ही मनाशी करून टाकली. सोपी वाटणी तरुण अधिकाऱ्याच्या फार उपयोगी पडते.

१९८८ साली, मध्य प्रदेश अविभक्त असताना, आमची नेमणूक छिंदवाडा जिल्ह्यात तामियाच्या बाजूला होती. पातालकोटचे खोरे तिथून जवळ. डोंगराच्या कड्यावरून खाली पाहिले की घरांची छपरे काडेपेटीएवढी दिसत. खालच्या वस्त्यांतले भारिया आणि गोंड लोक डोक्यावर गाठोडी घेऊन आठवडी बाजाराला वर चढून येत. मोह, चारोळी, हिरडा, मध, आणि थंडी ओसरू लागली की शतावरी. आमचे खाते कोणते हे सांगण्याचे कारण नाही. एका बाजारच्या दिवशी तपासणीच्या पथकाबरोबर आम्ही होतो आणि कागदावर सही करण्याचा अधिकार आमचा होता, एवढे पुरे.

एका वृद्ध बाईच्या गाठोड्यात सोलून वाळवलेली शतावरी निघाली. सात-आठ किलो असावी. वाहतुकीचा परवाना तिच्यापाशी नव्हता. तो कोठे मिळतो हेही तिला ठाऊक नसावे. हाताखालच्या माणसाने, रानातली मुळे उपटून रानाचा सत्यानाश करता, असे तिला दरडावले. आम्हीही त्याच अर्थाचे काही बोललो असू. विदुराचा माळी आमच्या डोक्यात होताच. बाई रडली नाही, हात जोडले नाहीत. तिच्या बोलीत ती एवढेच म्हणाली, "साहेब, वेल तिथेच आहे. जाऊन बघा."

आम्ही गेलो नाही. वेल पाहण्यासाठी पंचनाम्यात रकाना नव्हता. वजन, अंदाजे किंमत, परवाना नसल्याची नोंद, दोन पंच, बाईचा अंगठा आणि खाली आमची सही. शेजारीच एका व्यापाऱ्याच्या मालमोटारीत याच मुळ्यांची पोती रचली जात होती. त्याचे कागद बिनचूक होते. ती मुळे कोणत्या उतारावरून, कोणी, कशी खणली हे त्याला कोणी विचारले नाही आणि विचारले असते तरी त्याला सांगता आले नसते. जप्त झालेला माल यथावकाश लिलावात निघाला आणि तोच व्यापारी तो घेऊन गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमचे चिरंजीव जन्मले. आमच्या मातोश्री इंदूरहून बाळंतपणासाठी आल्या होत्या. त्यांनी बाजारातून शतावरी आणवली आणि खलबत्त्यात कुटून दुधात शिजवायला ठेवली. कुठून आणली असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी त्याच व्यापाऱ्याच्या दुकानाचे नाव सांगितले. "अरे, स्वच्छ माल आहे, एकही दोरा राहिलेला नाही," असे वर कौतुक केले. त्या पुडीत त्या गाठोड्यातली एखादी मुळी असेलही, नसेलही. आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही होते असे तेव्हा वाटलेही नाही, हे अधिक खरे.

आता प्रश्न असा, की त्या दिवशी अन्याय झाला असेल तर तो नेमका कोणता? बाईपाशी परवाना नव्हता, म्हणजे नियमभंग होता. सही खोटी नव्हती. रानातली वस्तू कोणाची, हा तर तत्त्वज्ञांचाही जुना वाद. इंग्रज विचारवंत जॉन लॉक याने १६८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. ओकखाली पडलेली फळे वेचून कोणी खाल्ली, तर ती त्याची कधी झाली? खाल्ली तेव्हा, शिजवली तेव्हा, की उचलली तेव्हा? त्याचे उत्तर असे, की वेचण्याच्या श्रमानेच ती त्याची झाली. मात्र इतरांसाठी तेवढेच आणि तितकेच चांगले मागे उरले पाहिजे. हे उत्तर आम्ही महाविद्यालयात पाठ केले होते. त्या बाजारात ते आठवले असते, तर बाईचे वाक्य म्हणजे लॉकच्या अटीलाच दिलेले उत्तर आहे हे कळले असते. मागे काय उरले याचा पुरावा तिने देऊ केला होता. तपासणाऱ्याने तो पाहिला नाही.

कायद्याने पुढे आपली चूक बरीचशी दुरुस्त केली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतल्या गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली. २००६ च्या वनाधिकार कायद्याने ते वेचण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांचा म्हणून मान्य केला आणि त्यात कंदमुळे व औषधी वनस्पती स्पष्ट शब्दांत घातल्या. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्याच समितीकडे सोपवले. मध्य प्रदेशाने पेसाचे स्वतःचे नियम २०२२ साली केले. म्हणजे ज्या कागदावाचून त्या बाईचे गाठोडे गेले, तो कागद आज तिच्याच गावच्या माणसांनी द्यावयाचा आहे. कायदा कागदावरून रानात उतरण्यास किती काळ लागतो हे आमच्यासारख्या फायली फिरवलेल्या माणसाने सांगायला नको. तरीही ही दुरुस्ती लहान नव्हे. परंतु हक्क कोणाचा हे ठरल्याने हात कुठे थांबावा हे ठरत नाही. ज्याचा हक्क आहे त्यालाही तो प्रश्न उरतोच.

जर्मनीत हा प्रश्न लोकांनी तारीख लावून सोडवला आहे. तिकडे मातीचा उंचवटा करून, कोंबांना ऊन लागू न देता पांढरा ॲस्परॅगस पिकवतात आणि वसंतात त्याचे वेड घरोघरी असते. पण २४ जून, संत योहानाचा दिवस, उजाडला की तोडणी थांबते. त्यानंतरही कोंब येतच असतात. ते वाढू द्यावयाचे, म्हणजे मुळ्या पुन्हा भरतील. आपल्याकडे तुळशीचे लग्न लागेपर्यंत बोरे आणि आवळे खायचे नाहीत ही रीत आमच्या मातोश्रींनी कसोशीने पाळली. गोंडांमध्ये नवाखाई झाल्यावाचून नवे धान्य तोंडात घालत नाहीत. तिकडे शेवटचा दिवस ठरलेला, इकडे पहिला. लहानपणी या रिती आम्हांस निव्वळ सोवळेपणाच्या वाटत. कच्ची चारोळी ओरबाडण्यासाठी फांद्याच्या फांद्या तोडलेल्या आम्ही सातपुड्यात पाहिल्या, तेव्हा मातोश्रींच्या आवळ्याची आठवण झाली.

या सगळ्या रिती पाळणाऱ्यांत एक गोष्ट समान आहे, ती ही की त्यांना पुढच्या वर्षी त्याच जागी परत यावयाचे आहे. जर्मन शेतकऱ्याला त्याच वाफ्यात, भारिया बाईला त्याच उतारावर. मूळ खणणाराही परत येणारा असेल तर गड्ड्याचा डोळा आणि त्याबरोबरच्या चार-सहा मुळ्या राखतो, माती पुन्हा लोटतो, आणि वेल जगते. उलट कोंब खुडणारा परत येणारा नसेल, तर एकूण एक कोंब खुडून वेलीला उपाशी मारू शकतो. म्हणजे आमची ती सोपी वाटणीच चुकीची होती. माळी आणि कोळसेवाला यांतला भेद फुलाचा किंवा मुळाचा नाही. माळ्याला उद्या पुन्हा त्याच बागेत शिरायचे असते, कोळसेवाल्याला पुढच्या डोंगरावर जायचे असते. आणि त्या बाजारात पुढच्या डोंगरावर जाणारे कोण होते? पुढच्या वर्षी आमची बदली झाली. तीन-तीन वर्षांनी जिल्हे बदलत आम्ही चाकरी पुरी केली. जिथे परत यायचे नाही तिथल्या कागदांवर आम्ही आयुष्यभर सह्या केल्या, हे आज लिहिताना लेखणी अडते.

येथे वाचक म्हणतील, हे परत येणाऱ्याचे तत्त्व फारच भाबडे झाले. आक्षेप खरा आहे. पेरू देशातल्या इका खोऱ्याकडे पाहा. पाऊस जवळजवळ न पडणारे ते वाळवंट. तेथे १९९० नंतर ॲस्परॅगसचे मळे झपाट्याने वाढले, वर्षातून दोनदा तोडणी होऊ लागली आणि माल विमानाने युरोप-अमेरिकेच्या बाजारांत जाऊ लागला. मळेवाला दरवर्षी त्याच मळ्यात परत येतो. वेलीचे मूळ तो जिवापाड जपतो. पण मळ्यांना पाजण्यासाठी भूगर्भातले पाणी इतके उपसले गेले की आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांच्या विहिरी खोल खोल गेल्या. तेथे कोंबच तोडले जातात, मुळाला कोणी हात लावत नाही. आणि तरी ज्याच्यावर सारे उभे त्या मुळावरच घाव पडतो. आमच्या दोनशे रुपयांच्या जुडीमागे कोणाची विहीर आहे, हे त्या चिठ्ठीवरून कळण्यास मार्ग नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. परत येणाऱ्याने हात राखला आणि त्याच्यामागून दुसऱ्याने येऊन उरलेले खणून नेले, तर राखणारा मूर्खच ठरतो. अशा विचाराने प्रत्येक जण आधी धावतो आणि मुळी पोसण्यापूर्वीच खणली जाते. गॅरेट हार्डिन याने १९६८ साली सामायिक कुरणांविषयी हाच सिद्धान्त मांडला आणि आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना तो फारच पटला. कारण त्यातून सरकारी कुलूप लावण्याचे समर्थन मिळत होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरची उदाहरणे घेऊन दाखवले, की एकमेकांना ओळखणारी, आपले नियम आपण करणारी माणसे सामायिक रान, पाणी, कुरण पिढ्यान् पिढ्या राखू शकतात. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री. तिचे पुस्तक आम्ही निवृत्तीनंतर वाचले. आधी वाचले असते तर वेगळे वागलो असतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या बाईचे वाक्य तर आम्ही वेळेवर ऐकले होते.

२०२२ च्या मार्गशीर्षात चिरंजीवांसह पुन्हा तिकडे जाणे झाले. खोऱ्यात आता रस्ता उतरतो आणि २०१९ पासून पातालकोटला जैवविविधता वारसास्थळाचा मान आहे. चिरंजीवांना सगळी हकिकत सांगितली होती. त्या बाईचा शोध घ्यावा असे मनात होते, पण नाव विचारल्यावर आम्ही निरुत्तर झालो. पंचनाम्यावर ते आमच्याच अक्षरात लिहिलेले होते. खाली उमटवलेला अंगठा अजून डोळ्यांसमोर येतो, नाव येत नाही. एका तरुणाने आम्हांस उतारावर नेऊन शतावरीच्या वेली दाखवल्या. काहींच्या बुडाशी खणून पुन्हा माती लोटलेली होती, दोन ठिकाणी उघडे खड्डे होते. लोटलेले ते आमच्या गावचे, उघडे ते बाहेरच्यांचे, असे तो म्हणाला. ते तंतोतंत खरे असेलच असे नाही. आपल्या गावचा दोष पाहुण्याला कोण सांगतो? पण खड्डा लोटणे हीच चांगुलपणाची खूण आहे हे तो धरून चालला होता. चौतीस वर्षांपूर्वी बाईने आम्हांस बघायला सांगितले ते हेच असावे. चिरंजीव गुडघ्यांवर बसून ती भुसभुशीत माती बोटांनी चाचपत राहिले. आम्ही उभेच होतो.

उरला विकत घेणारा. परत येणाऱ्यांच्या साखळीत त्याचे स्थान कोठे? त्याने वेल पाहिलेली नसते आणि पाहण्याची त्याला सवडही नसते. येथे इंदुरात सियागंजच्या एका दुकानदाराला आम्ही मुद्दाम विचारले, की ही शतावरी कुठली? "नीमचची," तो म्हणाला. नीमच ही औषधी मालाची मोठी मंडी; मंडीत शतावरी उगवत नाही. शेतातली की रानातली, असे पुन्हा विचारले, तेव्हा त्याने पोत्यात हात घालून मूठभर मुळ्या आमच्यापुढे धरल्या आणि म्हणाला, "साहेब, मुळीवर लिहिलेले नसते." तो उद्धट नव्हता. लागवडीची शतावरी आता पुष्कळ येते, तिच्यामुळे रानावरचा भार हलका होतो हे खरे. पण तिच्यामुळे रानातल्या मुळीचा भाव पडला, तर खड्डा लोटत बसण्याइतका वेळ त्या उतारावरच्या माणसाला परवडेल का, हा हिशेब आमच्याने पुरा होत नाही. लागवडीचीच घ्या, किंवा रानातलीच घ्या, असे वाचकांस ठणकावून सांगण्याचे धैर्य आम्हांस नाही. कुठली, कोणी खणली, असे प्रत्येक वेळी विचारावे, एवढेच आम्ही स्वतःपुरते ठरवले आहे. उत्तर बहुधा मिळत नाही. तरी विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार लक्षात ठेवतो, आणि पुढच्या खेपेला निदान खांदे उडवत नाही, असा अनुभव आहे.

घराच्या गच्चीवर आमची एक शतावरी आहे. त्या खेपेस तामियाहून नव्हे (रानातून वेल उपटून आणण्याचे धाडस आम्ही केले नाही), येथल्या रोपवाटिकेतून आणून मोठ्या कुंडीत लावली. कठड्यावर चढून ती आता चांगली फोफावली आहे. आश्विन-कार्तिकात पांढऱ्या बारीक फुलांचा इतका मंद वास येतो की शेजारच्या काकू जिना चढून वर येतात. आषाढात आम्ही तिचे दोन-तीन कोंब खुडतो, त्याहून जास्त नाही. मुळाला तीन वर्षे हात लावला नव्हता.

यंदा आमची कन्या वडोदऱ्याहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सौभाग्यवतींनी विषय काढला. बाजारची पुडी आणावी, की कुंडी उकरावी? डॉक्टरीणबाईंना विचारले, थोडी घेण्यास त्यांची हरकत नव्हती. कन्या म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी वेल मोडू नका." तिच्या आईने तिच्याकडे पाहिले नाही, आमच्याकडेही नाही; खुरपे घेऊन सरळ गच्चीवर गेल्या. आम्ही मागोमाग. कुंडीच्या एका बाजूची माती त्यांनी हलक्या हाताने बाजूला केली. मुळ्या दिसू लागल्या, एकीला एक चिकटून बसलेल्या, ओल्या आणि पांढुरक्या. त्यांनी नऊ मोजून काढल्या, दहावीला हात घातला आणि सोडून दिला. मग माती लोटली, तांब्याभर पाणी घातले. खाली येऊन मुळ्या उकडल्या, सोलल्या, एकेकीचा दोरा ओढून काढला आणि ताटात उन्हाला ठेवल्या. चार दिवसांनी सगळ्या मिळून एका लहान वाटीच्या तळाशी मावल्या. उरलेल्या दिवसांसाठी सियागंजला जावे लागणार आहे.